चाके असलेल्या हेलिकॉप्टरबाबत

अर्जदार मी, अर्जलेखक, साक्षीदार सुमनवहिनी, ठिकाण भवानी पेठेतील आमचे माळवद, सन १९७८. आज इतक्या वर्षांनी कचेरीवरून चाकांचे हेलिकॉप्टर गेले आणि टंकयंत्रावरची माझी बोटे थांबली.

लष्करात मेकॅनिक असलेल्या दादाने पत्रात कळवले होते, की त्याच्या ‘चीता’ हेलिकॉप्टरची शेपटी उघड्या जाळीची असते आणि खाली दांड्या असतात, चाके व झाकलेली शेपटी दिसल्यास ते ‘चेतक’ समजावे. त्या दुपारी घरघर ऐकताच वहिनी विड्यांचे सूप ठेवून माळवदावर धावल्या. तंबाखूच्या वासाचा त्यांचा हात वर गेला. हेलिकॉप्टरच्या दारातूनही कोणी हात हलवत होते.

“भावजी, आमचं ह्येच हायत की ते.”

सातवी शिकलेला असल्याने घरात माझा शब्द अखेरचा असे. “चाकं हायत, वहिनी. दादाचं न्हवं. पत्रात लेखी हाय.”

वहिनींनी हात खाली घेतला.

आठवड्याने पत्र आले. ‘आता मला चेतकवर घेतले आहे. घरावरून जाताना मी हात केला, तर सुमनने आपला खाली का घेतला?’

ते त्याचे शेवटचे पत्र ठरले; त्यानंतर दादा घरी आला नाही. वहिनींनी मला कधी बोल लावला नाही. तरी तो हात मी खाली घ्यायला लावला, याची त्यांनी मला माफी दिली किंवा कसे, हे साक्षीदाराने कळवावे, ही नम्र विनंती. लेखी नको, तोंडी चालेल.