बंकटची दुसरी स्क्रीन

बंकटला दुसरा मॉनिटर कशाला लागला ते आधी सांगतो, म्हणजे माणूस कळेल.

नांदूरघाटात कुणाचा वाढदिवस असो, निवड असो, नाहीतर कुणी गेलेलं असो, बॅनर बंकटच करतो. वेगळं दुकान नाही. घराच्या पुढच्या खोलीत खिडकीखाली कॉम्प्युटर मांडलेला असायचा. डिझाइन तो करणार, छपाई अंबाजोगाईहून करून आणणार आणि खिडकीसमोरच्या खांबाला टांगणारही तोच. हात चांगला आहे त्याचा, हे कबूल करावं लागतं. टकलाला केस देतो, काळवंडलेल्याला उजळ करतो. पण मनानं नासका. गिऱ्हाइकाचा चेहरा साफ करून झाला, की त्याच चेहऱ्याची आणखी एक प्रत काढून तिची विटंबना करायची, हा त्याचा छंद. कुणाचं नाक लांबव, कुणाला गाढवाचं धड लाव. मोबाईलवाला अभिमन्यू शेजारी खुर्ची टाकून बसलेलाच असायचा. दोघं खिदळायचे.

अडचण एकच होती. गिऱ्हाइकं पाठीशी येऊन उभी राहायची. मामा वरच्या ओळीत घ्या, साडू खाली घ्या, असं त्याच्या मानेवर श्वास सोडत सांगायची. त्यांच्यादेखत त्यांचीच चेष्टा करायची कशी?

म्हणून दुसरा मॉनिटर. अंबाजोगाईत एक कॉम्प्युटर क्लास बंद पडला, तिथला जुना मॉनिटर त्यानं गोधडीत गुंडाळून मोटारसायकलवर आणला. ठेवायला जागा नव्हती, तर बायकोची, वनमालाची, शिलाई मशीन उचलून बाजेखाली सारली आणि तिच्या टेबलावर मॉनिटर चढवला. वनमालाचं ब्लाउज शिवणं बंद पडलं. तिनं विचारलं तेव्हा, मशीनच्या खडखडीनं गिऱ्हाईक पळतं, असं तिला सांगण्यात आलं.

जुन्या मॉनिटरची पिन कॉम्प्युटरला बसेना, मध्ये जोडायला एक डबी आणावी लागली. मग दोन्हीकडं एकच चित्र दिसायला लागलं. दोन स्क्रीनचं असंच असतं. एकतर दोन्हीवर तेच ते दिसतं, नाहीतर सेटिंग बदललं की दोन्ही मिळून एक लांब फळा होतो आणि या टोकाचं त्या टोकाला दिसत नाही. बंकटला न दिसणारं पाहिजे होतं. मोबाईलवर व्हिडिओ बघत, वनमालावर खेकसत, ते त्यानं एकदाचं जमवलं. एक स्क्रीन स्वतःपुढं ठेवली, दुसरी पाठ फिरवून भिंतीकडच्या बाकाकडं वळवली. गिऱ्हाईक बाकावर बसून आपलं उजळलेलं तोंड बघत राही आणि बंकट इकडं त्याला गाढवावर बसवी. त्याच्या आयुष्यातला एवढा सुखाचा काळ दुसरा नसेल.

अशात मनकर्णा आली. तिचा एकुलता एक नवनाथ मागच्या साली शेतात मोटर चालू करायला गेला आणि साप चावून गेला. वर्षश्राद्ध आलं होतं. लेकराचा धड फोटो कुठं नव्हता, आधार कार्डावरचा तेवढा होता, कैद्यासारखा. त्यावरून चांगला मोठा बॅनर करून द्या, गावाला त्याला एकदा नीट बघू द्या, एवढंच तिचं मागणं होतं.

नवनाथचं लग्न झालेलं नव्हतं. दात पुढं होते, नोकरी नव्हती. लिंबागणेशच्या धनश्रीला बघायला गेला होता, तिथून नकार आला आणि पुढं कुणी दारात उभं केलं नाही. हे गावाला ठाऊक होतं. बंकटला तर जास्तच, कारण धनश्रीच्या लग्नाचा बॅनर त्यानंच केला होता आणि तो फोटो कॉम्प्युटरमध्ये तसाच पडून होता.

बंकटनं चेहरा साफ केला, बाकाकडच्या स्क्रीनवर मनकर्णाला दाखवला. ती बघत राहिली. तेवढ्यात लाइट गेली. आली तेव्हा बंकटनं मागची ढिली वायर दाबून बसवली आणि, मावशी, तुमचा फोटो व्हायला वेळ हाय, बसा जरा, असं सांगून अभिमन्यूला डोळा मारला. वायर निघून बसली की सेटिंग कधीकधी जागा सोडतं. म्हातारीची स्क्रीन उठून बघायची तसदी बंकटनं घेतली नाही.

त्यानं नवनाथचं डोकं कापलं. नवरदेवाच्या शेरवानीवर बसवलं. मुंडावळ्या बांधल्या. शेजारी धनश्री आणून उभी केली, आणि मग ओठाबाहेर येतील एवढे त्याचे दात वाढवले. अभिमन्यू तोंडावर रुमाल धरून हसत होता. पुढचं मला त्यानंच सांगितलं. त्याला पळून जायचं होतं, पण त्याच्या चपला बाकाखाली, मनकर्णाच्या पायाशी होत्या.

मनकर्णा अगदी हळू बोलली.

"हिला काढा, दादा. हिनं न्हाई म्हणलं व्हतं."

बंकटनं मान लांबवून पलीकडची स्क्रीन बघितली. तिथं तोच नवरदेव उभा होता. हे दुसऱ्याचं हाय मावशी, चुकून उघडलं, असं काहीतरी तो बडबडला.

"तोंड तर माझ्याच लेकराचं हाय. दात व्हते तसे करा. मुंडावळ्या ऱ्हाऊ द्या."

ती रडली असती तर बंकटचं निभावलं असतं. रडणाऱ्या माणसाला पाणी देता येतं. ती बाकावर ताठ बसून राहिली आणि त्यानं धनश्रीला पुसलं, दात आत घेतले, शेरवानीची कॉलर सारखी केली. शेवटी ती म्हणाली, लग्नात असाच दिसला असता.

बॅनर लागला तेव्हा एक मोटारसायकलवाला नवरदेव बघून हसला, खालचं 'प्रथम पुण्यस्मरण' वाचलं आणि गाडी बंद करून ढकलत निघून गेला. जागा मनकर्णानंच सांगितली होती, बंकटच्या खिडकीसमोरचा खांब. तारा बंकटनंच आवळल्या.

असले बॅनर चार दिवसांनी उतरतात. हा उतरला नाही. बंकट तिच्या घरी गेला, काढू का म्हणून विचारलं. ती भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

"तुमीच लावलंय. तुमाला काढवत आसंल तर काढा."

त्याला काढवलं नाही. मुंडावळ्यातला नवनाथ खिडकीतून रोज बंकटकडं बघत राहिला. बंकटनं पडदा लावला, तर उन्हाळ्यात खोलीत जीव घुसमटला. मग त्यानं दोन्ही टेबलं उचलून समोरच्या भिंतीला लावली आणि खिडकीकडं पाठ करून बसला.

आता दोन्ही स्क्रीनची तोंडं खिडकीकडं आहेत. रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही दोन्हीवरचं दिसतं. अभिमन्यू येईनासा झालाय. मनकर्णा रानात जाताना रोज खिडकीशी थांबते, एक स्क्रीन बघते, दुसरी बघते आणि पुढं जाते. ती उभी आहे हे बंकटला पाठीला कळतं. वळून तो बघत नाही, कारण तिच्यामागं खांब आहे.