उतारावर न मारलेली हाक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून या वाक्याचं तुम्हाला काही वाटणार नाही. पण आमच्या लातुरात कुणालाही विचारा — बापू आणि न सांगितलेली गोष्ट? लोक पोट धरून हसतील. माझ्या पोटात काही राहत नाही, आणि जे पोटात नसतं तेही मी सांगतो. देवणीच्या बाजारात एक वळू शिंकला आणि समोरच्या तीन बायांच्या छत्र्या उलट्या झाल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. निदान सांगितलंय तरी, आणि इतक्यांदा, की आता मला त्या छत्र्यांचे रंगही आठवतात.

अशा माणसाच्या पोटात एक गोष्ट इतकी वर्षं कशी राहिली? — थांबा. तिथं मला एकदम जाता येत नाही. जरा वळसा घालून येतो.

त्या काळी लातुरात क्लासचं पीक आलं होतं. गल्ली तिथं क्लास, क्लासवर होस्टेल, होस्टेलखाली मेस. देगलूर, कंधार, मुरुड, कुठून कुठून पोरं पत्र्याची पेटी आणि गादीची वळकटी घेऊन उतरायची, आणि पहिल्याच दिवशी त्यांना लागायची सायकल. ती मिळायची युनूसकडं. युनूस माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याच्या वडलांपासूनचं भाड्याच्या सायकलींचं दुकान, आणि हात असा की चाक नुसतं फिरवून कान लावला की कुठली तार सैल आहे ते सांगणार. मी मात्र काहीच धड न केलेला. विमा विकला, बियाणं विकलं, एकदा तर गाढविणीचं दूध विकायला निघालो होतो — ते जाऊ द्या.

डोकं माझं, सायकली त्याच्या, असं करून आम्ही ‘उतार सफर’ काढली. रविवारी पहाटे सायकली टेम्पोत घालायच्या, माळाच्या कडेवर न्यायच्या आणि तिथून तेरणेच्या खोऱ्यात उतरायचं. मी त्याला घाट म्हणायचो. पुण्याकडचा माणूस त्याला उंचवटा म्हणेल, पण दोन वळणं अशी होती की जीव टांगणीला लागावा. दोन्ही बाजूंनी करडईचं पिवळं रान, तुरी, मधे ऊस, मग भूकंपानंतर वसलेली पत्त्याच्या डावासारखी सरळ रेषेतली गावं, तिथं गूळ-शेंगदाणे आणि परत. क्लासच्या सरांना मी म्हणायचो, “सर, पोरांना आठवडाभर नुसता चढ आहे. एक दिवस उतार द्या.” सर खूश. सफर चालली, लई चालली.

कामाची वाटणी पक्की होती. प्रत्येक सायकलचे ब्रेक युनूस स्वतः तपासायचा, आणि तपासून झालं की जिथं ब्रेकची वायर नटमध्ये आवळतात, तिथं बायकोच्या लाल नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढायचा — अर्धी नटवर, अर्धी पट्टीवर. नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटायची. पोरी हसायच्या, “चाचा, सायकलला नटवता का?” तो म्हणायचा, “हाव. लगीन हाय तिचं.” उतारावर मी पुढं असायचो, माझ्यापुढं कुणी जायचं नाही हा नियम. सगळी सुटली की तो टेम्पोतून मागून यायचा.

आणि माळाच्या कडेवर, सुटायच्या आधी, मी गोष्ट सांगायचो.

भूकंपाची. त्या सकाळी रस्ते गाड्यांनी तुंबलेले, खाली दगडामातीखाली माणसं, आणि मी सायकलवर औषधं बांधून याच उतारावरून गेलो — अशी. सुरुवातीला नुसत्या बँडेजच्या पट्ट्या होत्या. पुढच्या मोसमात सलाइन आलं. त्याच्या पुढं रक्ताच्या बाटल्या. “ब्रेक दाबला असता तर हिसक्यानं बाटल्या फुटल्या असत्या,” मी म्हणायचो, “म्हणून वरपासून खालच्या वडापर्यंत ब्रेकला बोट लावलं न्हाई. हाय का कुणात दम?” पोरं डोळे फाडून ऐकायची.

त्या सकाळी मी कुठं होतो, विचारताय? लातुरात, शाळेच्या मैदानावर, आईच्या शेजारी चादर गुंडाळून. घराच्या उंबऱ्यात पाय ठेवायची माझी हिंमत नव्हती, किती तरी दिवस. गेला होता तो युनूस. रक्त नव्हे, मामाच्या बेकरीतले पाव, दोन पोती. आणि ब्रेक न दाबता? छे! पूर्ण उतार ब्रेक दाबून उतरला, रबर झिजून गेले, मग चप्पल घासत, शेवटी सायकल हातात धरून चालत. खाली पोचल्यावर पाव वाटले आणि संध्याकाळपर्यंत दगड उचलले. हे त्यानं मला एकदा सांगितलं, परत कधी नाही. मी ते उचललं, फुगवलं आणि माझ्या नावावर लावलं. तो टेम्पोला टेकून दर रविवारी ऐकायचा. एकदा फक्त म्हणाला, “कित्ता फेकता रे बापू. पण तुझ्या तोंडात चांगली लागते.”

पाहिलंत? अजून मी मूळ गोष्टीला हात घातलेला नाही.

त्या रविवारी अश्विनी नावाची मुलगी होती. देवणीकडची, शेतकऱ्याची लेक, दुसऱ्यांदा परीक्षेला बसणारी. घरचे म्हणाले होते, या वर्षी नंबर लागला तर शिक्षण, न्हाईतर लगीन. हे तिनंच हसत हसत टेम्पोत सांगितलं होतं. सायकल मात्र पोरांपेक्षा भारी चालवायची. गोष्ट संपल्यावर ती जवळ आली.

“काका, खरंच ब्रेक न्हाई दाबला?”

आता तुम्हीच सांगा, तिथं काय म्हणायला हवं होतं? मी म्हणालो, “आईशप्पथ.”

आम्ही सुटलो. पहिलं वळण गेलं आणि माझ्या उजव्या अंगानं काही तरी सणकन पुढं गेलं. अश्विनी. वेणी आडवी उडालेली, पाठ सरळ, आणि दोन्ही हातांची बोटं — मी नीट पाहिली — ब्रेकच्या दांड्यांवरून उचलून वर धरलेली. पंख्यासारखी पसरलेली. मागून पोरं ओरडायला लागली, “दम हाय! दम हाय!”

खाली दुसरं वळण. वळणाच्या समोरच जुनं गावठाण, भूकंपात बसलेलं. तिथले दगड तसेच पडलेले, त्यात बाभळी वाढलेल्या. मला तो रस्ता तळहातासारखा ठाऊक. त्या वेगात ते वळण घेता येत नाही हेही ठाऊक. वेळ होता का? होता. हाक ऐकू गेली असती का? माझा आवाज आठवडी बाजाराच्या या टोकापासून त्या टोकाला जातो. दोनच शब्द लागत होते — ब्रेक दाब.

ते मी म्हणालो नाही.

घाबरून वाचा बसली असं नव्हतं. वाचा जागेवर होती, शब्द जिभेवर होते. पण ते ओरडलो असतो तर मागच्या सगळ्या पोरांना त्या क्षणी कळलं असतं की ब्रेक न दाबता हा उतार उतरता येत नाही. म्हणजे बापूकाका खोटा. हा विचार मी नीट केला — त्या तेवढ्याशा वेळात — आणि तोंड मिटलं. खरं सांगू? मनात एक असाही विचार येऊन गेला की उतरेल ती. उतरली तर माझी गोष्ट खरी होईल.

ती सरळ गेली. वळलीच नाही. सायकल बाभळीत उडाली आणि ती दगडांवर.

मी पोचलो तेव्हा ती कण्हत होती. उजवा हात कोपरापासून भलतीकडं वळलेला. मी पोरांना पाण्याला पिटाळलं, टेम्पो थांबवायला रस्त्यावर उभं केलं. मग सायकलकडं गेलो. ब्रेक दाबून पाहिला. रबर चाकाला असे घट्ट बसले की चाक जागचं हललं नाही. उत्तम ब्रेक होता.

माझ्या खिशात पाना असायचा, वाटेत काही सैल झालं तर. मी बाभळीआड बसलो आणि पुढच्या आणि मागच्या ब्रेकच्या वायरीचे नट सैल केले. हात थरथरत नव्हते. असं सांगायला बरं वाटलं असतं की थरथरत होते.

उठलो तर अश्विनी माझ्याकडं पाहत होती. मी तिच्याजवळ बसलो, कपाळावरचे केस मागं केले आणि म्हणालो, “ब्रेक लागलाच न्हाई ना गं पोरी?” ती बघत राहिली. मग तिनं मान हलवली — हो. तिलाही घरी काही तरी सांगायचं होतंच. मस्ती केली म्हटलं असतं तर वडलांनी त्याच संध्याकाळी पेटी उचलून नेली असती. पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी ते तिच्यासाठी केलं. ती थाप आहे. माझ्या सगळ्या थापांत तीच तेवढी मला कधी नीट जमली नाही.

टेम्पो आला. युनूसनं पोरीला उचलून आत ठेवलं, आपल्या रुमालाची झोळी करून हात बांधला. मग सायकलपाशी गेला. दांडी दाबली, ती हँडलला जाऊन टेकली. तो खाली वाकला. तुटलेली रेघ पाहिली. बराच वेळ पाहिली. मग मान वर करून माझ्या हातांकडं पाहिलं.

टेम्पोतून आलेले क्लासचे सर धावत आले. “मिस्त्री, ब्रेक तपासले होते का नव्हते?”

“तपासले होते,” युनूस म्हणाला आणि माझ्याकडं बघून थांबला. तो वाट पाहत होता. मी बोलावं म्हणून त्यानं मला जागा करून दिली होती, इतकी की तिच्यातून बैलगाडी गेली असती.

मी म्हणालो, “जाऊ द्या सर. माणूस हाय. राहून जातं.”

पुढच्याच आठवड्यात पोरीचे वडील दुकानात आले. भांडले नाहीत. हात जोडून म्हणाले, “मिस्त्री, तुमच्या भरवशावर पाठवलं होतं लेकराला. तिचं वर्ष गेलं.” युनूसनं खाली पाहिलं. ते गेल्यावर तो मला म्हणाला, “वो गोष्ट तूने ली, मैं कुछ बोला? न्हाई बोला. अब ये भी ले ले. सांगत फिर.” आणि आत जाऊन चाक सरळ करायला बसला. तो मला चारचौघांत खोटा पाडू शकला असता. का पाडलं नाही, ते मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

मी सांगत फिरलोच. हे सगळ्यात वाईट. सफर बंद पडली, लोक विचारायचे काय झालं, आणि मला साधं उत्तर देताच येत नाही. आधी म्हणालो, युनूसकडून एक नट राहिला. मग म्हणालो, त्याची नजर कमी झाली होती. मग, बायकोच्या आजारपणानं रात्र-रात्र झोप नव्हती बिचाऱ्याला. प्रत्येक वेळी आवाजात दया घालून. माझी थाप आणि लोक विसरतील? होस्टेलवाल्यांनी पोरांना सांगितलं, त्या दुकानातून सायकल घेऊ नका. वडलांपासूनचं दुकान गेलं. तो नांदेडला लेकीकडं गेला, तिथं दुसऱ्याच्या दुकानात पंक्चर काढायचा. तिथंच वारला. मय्यतीला मी गेलो नाही. बस चुकली म्हणून सांगितलं. बस चुकली नव्हती. मी स्टँडवर उभा होतो आणि ती माझ्यासमोरून गेली.

मागच्या महिन्यात चौकातल्या हॉटेलात नेहमीची मंडळी बसली होती. कुणी तरी युनूसचं नाव काढलं. मला काय झालं कोण जाणे, मी म्हणालो, “त्याची काही चूक नव्हती. ब्रेक चांगले होते.”

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता विचारतील, मग कुणाची चूक होती? मी तयार होतो. खरंच तयार होतो.

हॉटेलवाला गल्ला सोडून आला आणि त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, “बापूकाका, दोस्त गेला तरी त्याची चूक झाकून घेताय. असं मन लोकाला न्हाई.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. एक जण तर डोळे पुसू लागला.

माझ्यापुढं चहा आला. मी तो प्यायलो.