तिसऱ्या रांगेतली खुर्ची

चूक माझीच होती. जर्मनीतल्या आखन शहरात बसमध्ये रोज भेटणाऱ्या एका वृद्ध इंग्रज नटाने मला आपल्या नाटकाचा पास दिला होता, आणि कामाने थकलेला मी मध्यंतरातच घरी निघून आलो. दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे काठीवर हात ठेवून, ओठांतल्या ओठांत संवाद घोळवत बसले होते.

"नाटक छान झालं," मी म्हणालो.

"सिनेमात बरं असतं, कॅमेरा उठून जात नाही," ते म्हणाले. "काल शेवटचं भाषण मी तुमच्या रिकाम्या खुर्चीला ऐकवलं. दमलो तर मीही होतो."

शेवटच्या प्रयोगाला तिकीट काढून मी त्याच खुर्चीत पडदा पडेपर्यंत बसलो. बाहेर बसथांब्यावर ते भेटले.

"त्या दिवशी मी उठून गेलो," मी म्हणालो, "आणि वर खोटं बोललो. मला माफ करा."