एकच बोट, दोन नाही

हेवा करायचा तर माणूस तरी जरा तोलामोलाचा मिळावा. माझ्या नशिबी समोरच्या दुकानातला पावडर आला. त्याचं खरं नाव काहीतरी दुसरंच आहे, पण केस कापून झाले की गिऱ्हाइकाच्या मानेवर तो इतकी पावडर थापतो, की माणूस पिठात लोळून आल्यासारखा रस्त्यावर येतो. म्हणून पावडर. हे नाव मीच पाडलं आणि मीच गल्लीभर केलं. रस्त्याच्या अलीकडे माझं सलून, पलीकडे त्याचं. मी उस्तऱ्याचा माणूस, तो मशीनचा. माझी कातरी आणि माझं तोंड बरोबरीनं चालतं, तो मुखस्तंभासारखा कापत राहतो. मला तो कधीच आवडला नाही आणि मी ते कधी लपवलंही नाही.

पण मला सांगायचंय ते हिच्याबद्दल. ही म्हणजे आमची बायको. चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम ठेवायची, दोन पावलं मागे सरायचं, एक डोळा बारीक करायचा आणि म्हणायचं, "डावीकडे उतरतंय." मग चष्म्याची काडी जराशी गरम करून हलकेच वाकवायची. दुकानातली सवय घरातही सुटत नाही. कॅलेंडर, पडदा, माझी कॉलर, काहीही एका बाजूला उतरलेलं हिला खपत नाही. आमची ओळखसुद्धा त्यातूनच झाली. एके दिवशी माझ्याच एका गिऱ्हाइकाला दंडाला धरून ही माझ्या दुकानात शिरली आणि भरल्या दुकानात म्हणाली, "यांचे कल्ले तुम्ही वरखाली कापलेत, आणि हे मला सांगतायत की चष्मा वाकडा आहे!"

मी कशाला ऐकून घेतोय? म्हटलं, "बाई, कल्ले सरळ आहेत. यांचे कानच वरखाली आहेत. तक्रार देवाकडे करा." ही पुढे झाली, एक डोळा बारीक करून त्या बिचाऱ्याचे दोन्ही कान नीट पाहिले आणि म्हणाली, "अय्या, हो की!" आणि जी हसत सुटली! वाद हरल्यावर इतकं मोकळं हसणारं माणूस मी तोवर बघितलं नव्हतं. तिथंच मी कामातून गेलो.

लग्नानंतर हिचा पहिला वाढदिवस आला तेव्हा मला काही सुचेना. हिचे केस कमरेच्या खाली पोचणारे, दाट. सकाळी शटर अर्धंच उघडलं, हिला पहिल्या खुर्चीत बसवलं आणि शेंडे कापायला घेतले. ही म्हणाली, "एकच बोट. दोन नाही." मी दोन बोटं केस कापले. शेंडे फुटलेले असले की दोन लागतातच, हा माझा धंदा आहे. ही दिवसभर धुसफुसत होती. तेव्हापासून दर वाढदिवसाला तीच खुर्ची, तेच भांडण. "लोक बायकोला दागिने घेतात, आमचे हे दोन बोटं केस घेतात," असं ही आल्यागेल्याला सांगायची, पण दुसऱ्या कुणाचा हात हिनं केसांना कधी लावू दिला नाही. मला त्याचा गर्व होता. असणारच.

मग हिच्या छातीत गाठ निघाली. कॅन्सर. ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली आणि केस उशीवर, कंगव्यात, मोरीच्या जाळीवर दिसायला लागले. मी तयारीला लागलो. नवा उस्तरा आणला, पट्ट्यावर घासून घासून त्याला अशी धार दिली की बोटाला कळू नये. मऊ टॉवेल आणले. म्हटलं, डोकं करायचंच आहे तर असं करीन, की हिला वाटलं पाहिजे, माझ्या नवऱ्यासारखा कारागीर नाही. रोज विचारायचो, "आज करूया?" ही म्हणायची, "बघू."

आणि एका दुपारी मी एकाची दाढी करत होतो, सहज बाहेर पाहिलं, तर ही पावडरच्या दुकानातून बाहेर पडत होती. डोक्याला रुमाल बांधलेला. रस्ता ओलांडून आली, जिन्याकडे वळली आणि मला हिची मान दिसली. पांढरीफेक. मानेवर पावडर!

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. गिऱ्हाईक एका गालाला साबण लावून बसलेलं, त्याला तसंच टाकून मी वर घरात गेलो.

"त्याच्याकडे? सगळा बाजार सोडून त्याच्याकडे? घरात माणूस उस्तरा घासून बसलाय आणि तू मशीन फिरवून आलीस?"

"ब्लेड लावायचं नव्हतं," ही पलंगावर बसत म्हणाली. "नर्सनं सांगितलं होतं. आता कापलं तर जखम लवकर भरत नाही, डोक्याला फक्त मशीन. तुम्ही होतात तिथं."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्हालाच सांगत होती. तुम्ही तिची बट बघत होतात. बाहेर आल्यावर मला म्हणालात, कुणी कापलेत हिचे केस, एक बाजू आखूड झालीय."

झाली होतीच आखूड. पण ते बोलायची ती वेळ नव्हती. मी खाली आलो आणि उरलेला गाल पुरा केला.

दुसऱ्या दिवशी ही खिडकीशी आडवी झाली होती, डोळा लागला होता, रुमाल सरकला होता. मी जवळ जाऊन ते डोकं नीट बघितलं. खोटं कशाला सांगू, खोट काढायलाच गेलो होतो. कानामागे एखादा पुंजका राहिला असेल, मानेवर एखादा ओरखडा असेल, काहीतरी असेल. काही म्हणजे काही नव्हतं. कानाची पाळी दुमडून आतपर्यंत साफ केलं होतं. ते बघून पोटात जे दुखलं, ते वाईट काम बघून दुखलं नसतं.

मग मी टोपाच्या मागे लागलो. खऱ्या केसांचा टोप आणला, दुकान मिटल्यावर बसून त्याला हिच्यासारखा भांग पाडला, कपाळावरची ती एक चुकार बट होती ना, ती जशीच्या तशी काढली. हिनं घातला, आरशात पाहिला, "हुबेहूब हो," म्हणाली आणि पाच मिनिटांत काढला. "टोचतो." बस. त्यानंतर तो टोप आमच्या बैठकीत स्टँडवर बसला.

वाढदिवस दोन केमोंच्या मधल्या बऱ्या दिवसांत आला. त्या दिवशी दुकानाला सुट्टी होती. आमची पोरगी नोकरीच्या गावाहून आली, केक घेऊन आली, फुगे फुगवून बसली. सकाळी मी हिच्यासमोर दोनतीनदा घुटमळलो. ही वेळ आमची खुर्चीवरची. पण आता कापायचं काय होतं?

"दुपारी पावडरभावजींना बोलावलंय," ही म्हणाली.

"कशाला?"

"वाढदिवसाला. कशाला काय?"

पोरगी माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, आज तरी नाक मुरडू नका." मी कुठे नाक मुरडलं होतं? मी नुसता बघत होतो.

आला. इस्त्रीचा शर्ट घालून. हातात एक पुडकं, त्यात मऊ सुती टोपी. "घरी शिवून घेतली, वहिनी. शिवण बाहेरून आहे, डोक्याला लागणार नाही." हिनं तिथंच रुमाल सोडला, त्याच्यासमोर, जराही न लाजता, आणि टोपी चढवली. "आहाहा!" म्हणाली. आहाहा! माझ्या टोपाला कधी आहाहा मिळालं नाही. तो कोपऱ्यात स्टँडवर बसून केककडे बघत होता, त्याला कुणी केकसुद्धा विचारला नाही.

केक कापला. हिच्या तोंडाला चव नव्हती, पण मलईचं बोट चाटलं. पोरीनं तिच्या लहानपणीची माझी एक फजिती सांगितली, ही हसली, हसता हसता डोळे पुसायला लागली. आणि तो मुखस्तंभ, जो गिऱ्हाइकाशी दिवसभरात चार शब्द बोलत नाही, तो म्हणाला, "वहिनी, आज नाही हं. त्या दिवशी खुर्चीत बसून रडलात तेवढं पुरे."

पावडरच्या लक्षात आलं, आपण काय बोलून गेलो ते. तो बशीकडे बघायला लागला.

माझ्या हातातली बशी मी टेबलावर ठेवली. आपटली म्हणा हवं तर. गाठ निघाली तेव्हा ही रडली नाही. ऑपरेशनच्या वेळी नाही, उलट्या झाल्या तेव्हा नाही. मी मनात म्हणायचो, काय धीराची बायको आहे माझी! आणि रडली कुठे? पलीकडच्या दुकानात. त्याच्यापुढे. केस त्याला दिले ते दिले, वर रडणंही त्यालाच दिलं. मग मी कोण? औषधाच्या पिशव्या वाहणारा?

मी जिना उतरलो, शटर अर्धं वर केलं आणि दुकानात जाऊन उभा राहिलो. कंगवे सरळ केले. ते आधीच सरळ होते.

बऱ्याच वेळानं जिन्यावर पावलं वाजली. एक पायरी, मग थांबणं, मग एक पायरी. मी जाऊन हात द्यायला हवा होता. गेलो नाही, इतका मी पेटलो होतो. ही शटरखालून वाकून आत आली, दम खात पहिल्या खुर्चीत बसली आणि आरशातून माझ्याकडे बघितलं.

"बोला," ही म्हणाली.

"त्याच्यासमोर रडलीस."

"रडले."

"माझ्यासमोर एकदाही नाही."

"तुमच्यासमोर कशी रडू हो?" ही चिडून म्हणाली. "माझा ओठ जरा हलला की तुम्ही पाणी आणायला पळता. पंखा लावता. पोरीला फोन करता. मग स्वतःच रडायला लागता, आणि मी तुम्हाला गप्प करत बसते. मला रडायचं असतं आणि मी तुमची पाठ थोपटत असते! ते भावजी काही म्हणाले नाहीत. मी रडले, ते मशीन फिरवत राहिले. हात थांबवला नाही. झालं, माझं रडून झालं, डोकंही झालं."

"एवढंच केलं त्यानं?"

"एवढंच."

मला वाटलं होतं, त्यानं काहीतरी मोठं केलं असेल, काहीतरी गोड बोलला असेल. त्याच्यावर रागावायला माझ्याकडे तेवढं तरी राहिलं असतं.

हिनं टोपी काढून मांडीवर ठेवली. "कापड घाला."

"अगं, पण..."

"वाढदिवस आहे ना माझा? कापड घाला."

मी कापड झटकलं, हिच्या गळ्याभोवती घातलं, मागे सैलसर गाठ मारली. कंगवा घेतला, कातरी घेतली.

"एकच बोट," ही म्हणाली. "दोन नाही."

मी खुर्चीच्या मागे गुडघ्यावर बसलो. दर वर्षी बसतो तसाच, कारण हिच्या केसांचे शेंडे तिथं येतात. यायचे. तिथं आता खुर्चीची पाठ होती आणि हवा होती. कंगवा त्या हवेतून खाली नेला आणि कातरी चालवली. कच. कच. रिकामी कातरी आम्ही लोक एरवीही चालवतो, दोन कापांच्या मधे हाताचा ताल सुटू नये म्हणून. तसाच ताल धरला. डावीकडून उजवीकडे.

"जास्त घेताय," ही म्हणाली.

"एकच बोट आहे."

"तुमचं एक बोट मला माहीत आहे," म्हणाली आणि हसली. मग ते हसणं मधेच कुठंतरी अडकलं, आणि कापडाखाली हिचे खांदे हलायला लागले. आवाज न करता नाही, चांगलं मोठ्यानं, नाक ओढत, लहान पोरीसारखं रडली. "माझे केस हो," म्हणाली. "किती छान होते माझे केस."

पाणी. पंखा. पोरगी वर आहे, हाक मारू. माझा एक गुडघा उठलासुद्धा होता. तो मी पुन्हा खाली टेकवला. इतके दिवस ज्यासाठी जळत होतो ते आता माझ्या पुढ्यात होतं, माझ्या दुकानात, माझ्या खुर्चीत. देवाशपथ सांगतो, असं वाटलं, रस्ता ओलांडावा आणि पावडरला परत देऊन यावं. तूच सांभाळ बाबा, मला नाही झेपत.

पण कातरी चालू ठेवली. कच. कच. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, पण कापायलाही काही नव्हतं, त्यामुळे अडलं नाही. शेवटाला पोचलो की पुन्हा डावीकडून सुरू करायचो. ही रडत राहिली, मी कापत राहिलो.

खूप वेळानं हिनं कापडाच्या टोकानं नाक पुसलं.

"सरळ येतंय का?" ही म्हणाली. "डावीकडे उतरत नाही ना?"

मी मागे सरलो, एक डोळा बारीक केला आणि नीट बघितलं.

"सरळ आहे," म्हटलं. "अजून थोडं राहिलंय, हलू नकोस."