मोहिद्दीनचं फ्रेंच हॉटेल

मोहिद्दीन शिकलगारला मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा सांगलीच्या भाजी मंडईत त्याची एका म्हशीशी झुंज चालली होती. भाजीवालीनं फ्लॉवरचा पाला तोडून म्हशीपुढं टाकला होता आणि तो एका टोकाला म्हैस, दुसऱ्या टोकाला मोहिद्दीन असे ओढत होते. म्हैस बुलडोझरएवढी, मोहिद्दीन माझ्या छत्रीएवढा. अर्धी सांगली गोळा झाली, वाहतूक तुंबली, तरी गड्यानं पाला सोडला नाही. शेवटी म्हशीलाच संकोच वाटला. “सूप हाय ह्यात, सूप!” धापा टाकत तो मला म्हणाला. हा माणूस एकतर वेडा असावा किंवा थोर आचारी, असं मला वाटलं. दोन्ही खरं निघालं.

त्याचा बाप लग्नांतला भटारी. मोहिद्दीननं लहानपणी सगळी लग्नं मांडवाच्या मागून पाहिली. बापानं चुलीपुढं भाजून घेत शिजवलेला पुलाव दुसऱ्या दिवशी घमेल्यानं उकिरड्यावर जायचा. बाप त्या वेळी पाठ फिरवून विडी ओढायचा, एवढंच तो सांगे.

पुढं तो पाँडिचेरीला गेला आणि एका फ्रेंच साहेबाच्या हॉटेलात राहिला. सालं, देठं, हाडं, काही म्हणून फेकायचं नाही, हे त्या साहेबाचं शास्त्र; आणि परातीएवढ्या बशीत लिंबाएवढा पदार्थ ठेवायचा, ही त्याची कला. दोन्ही शिकून मोहिद्दीन शहाण्णव साली माधवनगरला परतला. भाऊसो पाटलांचं सुताचं रिकामं गोदाम त्यानं वर्षाच्या करारानं घेतलं, सहा टेबलं मांडली आणि फ्रेंच हॉटेल काढलं. बायको जैनब स्वयंपाकात मदतीला.

नियम एकच. प्रत्येक पदार्थाआधी मोहिद्दीन स्वतः येऊन विचारायचा, “आणू?” हो म्हणाल तरच ताटली भरायची. त्यामुळं त्याच्या हॉटेलात उष्टं पडत नसे. गिऱ्हाइकंही फारशी पडत नसत, पण तो विषय आम्ही काढत नसू.

वर्ष संपत आलं. भाऊसो म्हणाले, “एकदा जेवून बघतो. पटलं तर जागा तुझी. न्हाईतर किल्ली दे, पेंडवाला मागं लागलाय.”

ठरल्या रात्री भाऊसो आणि त्यांच्या पत्नी लीलाबाई सकाळपासून काही न खाता आले. मध्यस्थ म्हणून मीही होतो. फ्लॉवरच्या पाल्याचं सूप झालं. भाऊसोंनी दोन घोटांत संपवलं आणि मिशा पुसल्या. मोहिद्दीन आला.

“उसाच्या चिपाडाच्या धुरावर भाजलेलं वांगं हाय. आणू?”

“आता कशाला तरास!” भाऊसो म्हणाले आणि दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत ऐसपैस बसले.

“बरं,” म्हणून मोहिद्दीन आत गेला.

आमच्याकडं पहिला नकार म्हणजे नुसतं घसा साफ करणं. पाहुण्यानं नको म्हणायचं, यजमानानं शपथ घालायची, मग पाहुण्यानं पातेलं रिकामं करायचं. मी सराईत असल्यानं सरळ “आण” म्हणालो. वांगं मला एकट्यालाच आलं. लीलाबाई माझ्या प्रत्येक घासाबरोबर आवंढा गिळत होत्या.

मग मटण. जतच्या मेंढीचं, द्राक्षाच्या रसात दुपारपासून मुरलेलं. वासानं भाऊसोंचा आवाज कापरा झाला, पण रीत ती रीत. “नको, पोट भरलं,” ते म्हणाले.

“बरं.”

मी टेबलाखालून मोहिद्दीनला लाथ मारली. ती लीलाबाईंना लागली.

दारात जैनब दबक्या आवाजात म्हणाली, “आवं, आग्रह करा की!”

“ते नको म्हणाले. मोठ्या माणसाचा शब्द हाय.”

“तुमी आन् तुमचा फ्रेंच!” म्हणत तिनं पातेलंच बाहेर आणलं. “भाऊसो, माझी शपथ हाय. भैनीच्या हातचं समजून घ्या.”

भाऊसोंचा चेहरा उजळला. “तू म्हंतीस तर...” आणि मग लाडात येऊन नको-नको म्हणत त्यांनी तीनदा घेतलं. जैनबनं चौथ्यांदा वाढलं, तेव्हा मात्र खरंच जागा नव्हती. अर्धी ताटली तशीच राहिली.

“झ्याक!” भाऊसो ढेकर देत म्हणाले. “जागा तुझी, मोहिद्दीन. फकस्त असं वाढत जा. गिऱ्हाईक उष्टं टाकून उठलं पायजे, तवा ते हॉटेल.”

मोहिद्दीन त्या अर्ध्या ताटलीकडं बघत होता. जैनबनं त्याची बाही ओढली. मीही डोळ्यांनी खुणावत होतो, हो म्हण, बाबा.

“भाऊसो, इचारून वाढीन,” तो हळू म्हणाला. “लागंल तितकं वाढीन. पर टाकायला न्हाई वाढणार.”

“मग न्हाई जमायचं, गड्या,” भाऊसोही हळूच म्हणाले. त्यांना वाईट वाटलं असावं. जाताना त्यांनी जैनबच्या मटणाची पुन्हा तारीफ केली.

महिनाअखेरीला मोहिद्दीननं किल्ली दिली. आता तो कडेगावकडं एका कारखान्याच्या कँटीनमध्ये पोहे करतो.