बापाच्या मापाचा खड्डा

नळाच्या पाइपासाठी अंगण खणलं, ओल्या मातीचा वास घरात शिरला आणि आणीबाणीच्या आदल्या वर्षीची ती दुपार आठवली. आंबागडजवळच्या आमच्या गावात ख्रिस्ती घर एकच, आमचं. मरताना बापाने एकच मागितलं होतं: आपल्या शेतात, धानाच्या बांधीत पुरा, प्रार्थना करून. पाळक तापाने पडलेले, म्हणून प्रार्थना माझ्यावर आली. घराण्यातला पहिला बी.ए. मी, पण चारचौघांत मोठ्याने प्रार्थना कधी केली नव्हती. चुकलो असतो तर गाव बापाच्या देवालाच हसलं असतं. काका हिंदूच राहिलेला. तो म्हणाला, "जाळून टाक लेका, कायले आपलं हसं करून राहिला?" तरी भावकीने खड्डा खणला. बापाला आत उतरवलं, तर पाय मावेनात. गावात पुरतात ती फक्त तान्ही लेकरं. मोठ्या माणसाचं माप कोणालाच ठाऊक नव्हतं. बाप परत वर काढून गवतावर ठेवला. मायने तोंडात पदर कोंबला. काका म्हणाला, "आता का करशीन, बीए? पाय दुमडशीन का बापाचे?" मी कुदळ घेऊन खाली उतरलो आणि खणता खणताच प्रार्थना सुरू केली. आवाज फाटला, मधल्या दोन ओळी विसरलो, पण थांबलो नाही. कोणी हसलं नाही. काकाही फावडं घेऊन उतरला. आता पाळक नसले की आसपासच्या गावांतून मयतीला मलाच बोलावतात. मधल्या ओळी अजून विसरतो, तरी जातो. आणि प्रार्थनेआधी मयताचं माप दोरीने घेऊन खणणाऱ्यांच्या हाती देतो.