डब्यातला बांगडा

डिलाईल रोडला आमच्या चाळीत, तळमजल्याच्या खोलीत बालवाडी भरते. तिथल्या बाई रोज प्रत्येक मुलाचा डबा उघडून बघतात. वेफर्सचं पाकीट निघालं तरी रागवत नाहीत. ते परत दप्तरात ठेवतात आणि म्हणतात, "हे बाबांना दे. त्यांना भूक लागत असेल." खाऊन झालं की सगळी पोरं जिन्याने तिसऱ्या मजल्यापर्यंत चढतात. सगळ्यांच्या पुढे बाई असतात. साठी उलटलीय, पण कठड्याला हात लावत नाहीत.

माझ्या मुलीचं पाकीट तीनदा परत आलं. चौथ्या दिवशी बाईंनी मला जिन्यात गाठलं.

"घरी काय आवडीने खाते ही?"

"मासे. पण तुम्ही शाकाहारी, म्हणून डब्यात देत नाही. वास येईल."

"वास मला येईल. जेवायचंय तिला. उद्या मासे द्या."

दुसऱ्या दिवशी मी भाकरी आणि तळलेला बांगडा दिला आणि न राहवून खिडकीतून डोकावलो. बाई नाकाला रुमाल बांधून बांगड्याचे काटे काढत होत्या, तेही शेपटीकडून. माझी साडेचार वर्षांची मुलगी त्यांना शिकवत होती.

"असं नाय बाई. मधला काटा धरा. हळू."

बाईंनी हळू धरला. मुलीने बांगडा संपवला. बाईंनी साबणाने तीनदा हात धुतले आणि म्हणाल्या, "चला, जिना."

काल मुलीबरोबर बाईंचा निरोप आला.

"उद्या बोंबील द्या. त्याचा काटा मऊ असतो."